ओसायरिसची जवाची पेटी आणि हृदय तोलण्याचा देखावा : शाळेच्या प्रदर्शनासाठी नेमकी माहिती हवी

कृष्णाकाठ_सातारा

नमस्कार मंडळी. साताऱ्यात आठवी-नववीच्या मुलांचं इतिहास प्रदर्शन आहे, डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी. विषय : प्राचीन इजिप्तमधले मृत्यू आणि पुनर्जन्माचे देव. दोन वस्तू ठरल्यात. एक, मेलेल्याचं हृदय तराजूत तोलतात तो देखावा. दुसरी, ओसायरिसच्या आकारात जव उगवलेली लाकडी पेटी, थडग्यांत सापडते तशी.

अडचणी अशा. फलकावर 'ओसायरिस म्हणजे इजिप्तचा यम' लिहिलं तर चालेल का? काही मुलं म्हणतात यम म्हणजे अनुबिस. देखाव्यात कोण कुठे उभा करायचा? आणि पेटीची चाचणी घेतली ती फसली : निम्मं जव उगवलंच नाही, उगवलं त्यावर चौथ्या दिवशी पांढरी बुरशी, उरलेलं पिवळं. वाण्याकडचं जव, शेतातली काळी माती आणि शेणखत, वर्गातल्या कपाटात ठेवलेलं. काय चुकलं?

मिरज_पोथीवाला

आधी फलकाचं बोलू, पेटीचं जाणकार सांगतीलच.

'पुनर्जन्म' हा शब्द काढा. आपल्याकडे हा शब्द वाचला की डोळ्यांपुढे नवा देह आणि नवं आईचं पोट येतं. इजिप्तच्या माणसाला ते नकोच होतं. त्याला हेच नाव, हाच देह आणि हीच बायकोमुलं घेऊन पश्चिमेकडच्या लोकात कायमचं राहायचं होतं. म्हणून तर देह टिकवायचा एवढा खटाटोप. 'पुन्हा जिवंत होणं' किंवा 'नवजीवन' लिहा.

ओसायरिसचंच बघा. भाऊ सेत त्याला मारतो, बायको आयसिस आणि बहीण नेफ्थिस त्याला हुडकतात, अनुबिस त्याचा देह बांधून पहिली ममी करतो, आणि मेलेल्या नवऱ्यापासून आयसिसला होरस होतो. पण ओसायरिस या जगात परत येत नाही. इथली गादी होरसला, तिकडची बापाला. तो जिवंत आहे, पण मेलेल्यांचा राजा म्हणून जिवंत आहे. चित्रातही त्याचे पाय कधी सुटे दिसत नाहीत, कायम कापडात गुंडाळलेला असतो, फक्त हात बाहेर.

आता यम. आपला यम माणूस न्यायला येतो, पाश टाकतो. ओसायरिस कुणाला न्यायला जात नाही, तो बसून असतो. यमाशी त्याचं एवढंच जुळतं की दोघांच्या पुढे निवाडा होतो, आणि ऋग्वेदातला यम हा मेलेला पहिला माणूस, नंतर पितरांचा राजा. हे साम्य खरंच लक्षात घेण्यासारखं आहे. अनुबिस मात्र यम नव्हेच. त्याचं काम देह बांधायचं, थडगं राखायचं आणि तराजूचा काटा बघायचं. तिसरी तुलना करायचीच तर थॉथला चित्रगुप्त म्हणा, ती बरीच बसते : हातात लेखणी, निकाल लिहून घेतो. पण फलकावर '=' असं चिन्ह कुठेही टाकू नका.

कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस काळा का, हे मुलं हमखास विचारतील. तिथले कोल्हे काळे नसतात, भुरे पिवळट असतात. काळा हा नाईलच्या गाळाचा रंग, म्हणजे पीक येणाऱ्या मातीचा. देशाचं नावच केमेत, काळी जमीन. ओसायरिस कधी काळा, कधी हिरवा रंगवतात त्याचं कारणही हेच : एकदा माती, एकदा त्यातून आलेलं पीक.

गाळमाती_सांगली

पेटीचं सांगतो. तुमच्या चाचणीत चार चुका आहेत आणि चारही सुधारता येतील.

वाण्याकडचं जव बहुतेक सोललेलं असतं. सालीबरोबर कोंबही दुखावतो, ते उगवत नाही. दाण्याला पिवळं टरफल घट्ट चिकटलेलं असेल तेच घ्या, पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळतं. बियाण्याच्या दुकानातलं घेतलं तर रंग बघा : गुलाबी किंवा लाल असेल तर औषध लावलेलं आहे, मुलांच्या हातात देऊ नका. आणलेल्यातले 50 दाणे ओल्या फडक्यात बांधून तीन दिवस ठेवा. 40 तरी फुटले पाहिजेत, नाहीतर दुकान बदला.

शेणखत अजिबात नको. दहा दिवस पुरेल एवढं अन्न दाण्यातच असतं, खताने फक्त बुरशी पोसली जाते. नुसती काळी मातीही नको, ती ओली झाली की लोण्यासारखी चिकटते आणि वाळली की भेगा पडून आकृती मधोमध फाटते. नदीकाठचा गाळ चाळून दोन भाग, वाळू एक भाग. देंदेराच्या देवळातल्या लेखातही जवाबरोबर वाळूच सांगितली आहे.

माप : पेटी 90 सेंमी लांब, 35 रुंद, 6 खोल. तळाला 10-12 भोकं पाडून वर गोणपाट, त्यावर 5 सेंमी माती, म्हणजे साधारण 16 लिटर. आकृती 75 सेंमी उंच काढा, तोंड एका बाजूला वळलेलं, डोक्यावर उंच मुकुट आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पीस. खांद्याखाली अंग एकसंध ठेवा, पाय वेगळे काढायच्या फंदात पडू नका, मुळात ते वेगळे नसतातच. पुठ्ठ्याच्या 4 सेंमी रुंद पट्ट्या कडेवर उभ्या रोवा, त्या नसतील तर दाणे घरंगळून ओसायरिसचं पोट सुटतं. पट्टीबाहेर कोरडी पांढरी वाळू पसरा, हिरवा रंग उठून दिसतो.

एवढ्या आकृतीला कोरडं जव दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम. रात्री 10 तास भिजवा, उपसून ओल्या फडक्यात आणखी 12 तास. पांढरं टोक दिसलं की एका थरात पसरा. दाण्यावर दाणा चढला की खालचा कुजतो, बुरशीची सुरुवात तिथूनच. वर अर्धा सेंमी माती, त्यावर ओला वर्तमानपत्राचा कागद, दोन दिवस. मग कागद काढायचा आणि पेटी खिडकीशी न्यायची. पाणी झारीने, दिवसाला अर्धा लिटर, तेही सकाळीच. माती वाफशावर पाहिजे : मूठ वळली की गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये.

पिवळं पडलं कारण कपाटात उजेड नाही. घटाचं धान्य देवघरात पिवळं येतं ते याच कारणाने, आणि तिथे ते चालतं, शोभतंही. ओसायरिस पिवळा चालणार नाही.

एक शंका : तुमची 'बुरशी' कदाचित बुरशी नसेलही. जवाच्या मुळाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी कापसासारखी पांढरी लव येते, ती मुळाचीच असते. ओळखायची खूण अशी की झारी मारली की लव मुळाला चिकटून दिसेनाशी होते. बुरशी पाणी मारूनही राहते, एका दाण्यावरून दुसऱ्यावर जाळं विणते आणि कुबट वास येतो. तसं असेल तर तेवढी जागा चमच्याने मातीसकट काढून टाका.

डिसेंबरात रात्री थंडी असते, तेव्हा भिजवण्यापासून 10 दिवस धरा. 8-9 सेंमी वाढ झाली की प्रदर्शन. 14 सेंमीच्या पुढे गेलं की पाती लोळतात आणि देव पालथा पडल्यासारखा दिसतो.

कृष्णाकाठ_सातारा

फारच उपयोगी. ही लव असते हे माहीतच नव्हतं. आता दोन गोष्टी : देंदेराचा लेख म्हणजे काय? आणि जवाऐवजी गहू चालेल का?

गाळमाती_सांगली

देंदेरा हे वरच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या, इजिप्तमधलं हाथोर देवीचं देऊळ. त्याच्या गच्चीवर ओसायरिसच्या खोल्या आहेत, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या, आणि एका भिंतीवर खोइआक महिन्यातला विधी कृतीसकट कोरलेला आहे. महिन्याच्या 12 तारखेला सोन्याच्या साच्यात जव आणि वाळू घालायची. साचा ममीच्या आकाराचा, एक हात लांब म्हणजे जेमतेम 52 सेंमी, दोन अर्ध्यांत. 21 तारखेपर्यंत रोज पाणी. मग दोन्ही अर्धे काढून एकमेकांना जोडायचे, बांधायचे, उन्हात वाळवायचे. 22 तारखेला 34 होड्यांची मिरवणूक, 365 दिवे लावून. महिनाअखेर दफन आणि जेद खांब उभा करायचा, तो खांब म्हणजे ओसायरिसचा पाठीचा कणा. तुमचे 10 दिवस आणि त्यांचे 12 ते 21 हे सहज जुळतात, कारण जवाला तेवढेच लागतात. आणि कॉप्टिक पंचांगात हा महिना आजही 10 डिसेंबरच्या आसपास सुरू होतो, तेव्हा तुमचा मुहूर्त चुकलेला नाही.

हा महिनाच का, तर पूर ओसरून जमीन उघडी पडण्याचा हंगाम त्याचा. आपल्याकडे धरणाचं पाणी मागे सरलं की गाळपेर करतात, तसा अख्खा देश गाळपेरीवर जगायचा. (पंचांग 365 दिवसांचंच असल्यामुळे शतकांमागून शतकं हा महिना हंगामावरून सरकत गेला, तो भाग मुलांना नका सांगू, गोंधळ होईल.) सांगलीत आयर्विन पुलावरचं पाणी 40 फुटांना इशारा, 45 ला धोका असं आपण वाचतो. नाईलच्या काठी हेच उलटं होतं. रोमन लेखक प्लिनी लिहितो की 12 हात पाणी चढलं तर दुष्काळ, 14 ला आनंद, 16 ला चैन. फार कमी चढलं की लोक घाबरायचे. त्याहून बरंच जास्त चढलं तर बांध वाहून जायचे, हेही खरं.

गव्हाचं विचारलंत. साधा गहू नको, पण खपली घ्या. इजिप्तमध्ये भाकरीला आणि बिअरला जो गहू वापरत तो हाच जातीचा, आणि तो आपल्या सांगली-साताऱ्यात आजही पेरतात. मुख्य आकृती जवाचीच ठेवा, लेखात जवच आहे. शेजारी कुंडीत खपली लावा, टरफलासकट, आणि दोन दिवस आधी पेरा. तिला उगवायला जास्त वेळ लागतो.

थडग्यातल्या पेट्या याहून जुन्या, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या आसपासच्या. राजा तूतनखामूनच्या थडग्यात एक होती, राणी तीयेचे आईबाप युया आणि थुया यांच्या थडग्यात एक, ते थडगं 1905 साली सापडलं. लाकडी चौकट, त्यात ओसायरिसची आकृती, गाळ, जव, वर कापड. अंधारात बंद झाल्यावर ते कोंब अर्थात पिवळेच राहिले असणार. मी वर पिवळा चालणार नाही म्हटलं ते प्रदर्शनापुरतं.

घाटावरचा_वाईकर

तराजूच्या देखाव्याचं मी सांगतो. दोन नमुने समोर ठेवा, दोन्ही ब्रिटिश म्युझियममध्ये : आनी आणि हुनेफर या माणसांच्या 'मेलेल्याच्या पोथ्या', म्हणजे मेलेल्याबरोबर ठेवायच्या मंत्रांच्या गुंडाळ्या, दोन्ही इसवी सनापूर्वी तेराव्या शतकातल्या. हुनेफरची सोपी आहे, पात्रं मोकळी उभी आहेत. ती घ्या.

डावीकडून उजवीकडे चला. अनुबिस मेलेल्या हुनेफरचा हात धरून आणतो. मग तराजू, त्याच्या काट्यापाशी पुन्हा अनुबिस, गुडघ्यावर. एकाच चित्रात तो दोनदा आहे, मुलांना वाटेल चूक झाली, पण ती गोष्ट पुढे सरकतेय. तराजूजवळ हृदय खाणारी अम्मित, मग लिहून घेणारा थॉथ. त्यानंतर होरस हुनेफरला ओसायरिसपुढे नेतो. ओसायरिस छत्राखाली सिंहासनावर, पुढे कमळावर होरसचे चार मुलगे, मागे आयसिस आणि नेफ्थिस.

डाव्या पारड्यात हृदय, उजव्यात मातचं पीस. आता इथे जवळजवळ सगळे चुकतात : हृदय पिसापेक्षा हलकं निघालं पाहिजे असं सांगतात. चित्रात पारडी समपातळीत असतात. मात म्हणजे सत्य, नीट चाललेली व्यवस्था, आणि हृदय तिच्याबरोबर असलं की झालं. सराफाचा जुना काटा मिळाला तर उत्तम, पण थर्मोकोलचं हृदय आणि खरं पीस टाकलं तर काटा वाऱ्यानेही डुलेल. दोन्ही पारड्यांखाली पाच-पाच ग्रॅमची वजनं चिकटवा.

हृदय लाल बदामाच्या आकाराचं करू नका. त्यांचं चिन्ह लहान मडक्यासारखं आहे, दोन्ही बाजूंना कान असलेलं. कुंभाराकडची पणतीएवढी मडकी चालतील.

अम्मितचं तोंड मगरीचं, पुढचं अंग सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं. इजिप्तच्या माणसाला ज्यांची भीती ते तिन्ही प्राणी एकत्र. ती हृदय खाते आणि माणूस संपतो. दुसरा जन्म नाही की सुटका नाही.

मागे फलकावर मेलेल्या माणसाने देवांपुढे म्हणायच्या नकारांतले ('मी अमुक केलं नाही') पाच-सहा लिहा, मेलेल्याच्या पोथीतल्या 125व्या मंत्रातले. मुलांना चोरी-खून अपेक्षित असतो, पण आपल्या भागातल्या लोकांना भिडतील असे दोन आहेत : मी वाहत्या पाण्याला बांध घातला नाही, आणि मी तराजूच्या काट्याशी खोटेपणा केला नाही. पाटाच्या पाण्यावरून भांडणाऱ्या आणि बाजार समितीत हळद मोजून घेणाऱ्या माणसाला याचं भाषांतर करून सांगावं लागणार नाही.

हौशी_कराड

मध्येच विचारतो. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहिलंय ना की आत्मा प्राण्यांच्या देहांतून फिरत 3000 वर्षांनी माणसात परततो, असं इजिप्तचे लोक मानत? मग पुनर्जन्म शब्द चुकीचा कसा?

मिरज_पोथीवाला

लिहिलंय खरं, दुसऱ्या खंडात. पण इजिप्तच्या स्वतःच्या लेखांत त्याला आधार मिळत नाही. गैरसमज कुठून झाला असावा ते दिसतं : मेलेल्याच्या पोथीत रूप घेण्याचे मंत्र आहेत, ससाणा, कमळ, बेनू पक्षी, पाकोळी, साप, मगर. पण ही रूपं मेलेला स्वतःच्या मर्जीने घेतो, मोकळं हिंडता यावं म्हणून. कर्माचं फळ म्हणून मगर होत नाही. शिवाय रात्री त्याच्या 'बा'ला, म्हणजे माणसाचं डोकं असलेल्या पक्ष्याला, आपल्या ममीकडे परत यावंच लागतं. देह नसेल तर येणार कुठे?

यापेक्षा जवळचं आहे ते सूर्याचं. संध्याकाळी आकाशाची देवी नूत त्याला गिळते, पहाटे जन्म देते. रात्रीच्या 12 तासांच्या प्रवासात सहाव्या तासाला, अगदी खोल अंधारात, सूर्यदेव रा आणि ओसायरिस एक होतात, तिथून सूर्यात पुन्हा जीव येतो. राणी नेफर्तारीच्या थडग्यात याचं एकच चित्र आहे : मेंढ्याचं डोकं आणि ममीचं अंग, दोन बाजूंना आयसिस आणि नेफ्थिस, आणि लिहिलंय की रा ओसायरिसमध्ये विसावला आहे, ओसायरिस रामध्ये. जागा असेल तर पेटीच्या डोक्याशी हेच चित्र लावा. सकाळचा सूर्य म्हणजे खेप्री, शेणाचा गोळा ढकलणारा भुंगा. तो आपल्या रानातही दिसतो, मुलं ओळखतील.

घाटावरचा_वाईकर

होरसच्या चार मुलग्यांत, म्हणजे ममी करताना काढलेल्या अवयवांच्या बरण्या राखणाऱ्यांत, एक खोच आहे, आधीच सांगून ठेवतो. कोल्ह्याचं तोंड असलेला दुआमुतेफ म्हणजे अनुबिस नव्हे, त्याच्याकडे जठर. माकडाच्या तोंडाचा हापी फुप्फुसं सांभाळतो, आणि नाईलच्या पुराचा देव हापी तो वेगळाच. ससाण्याचा केबेहसेनुएफ आतड्यांचा, माणसाच्या तोंडाचा इम्सेती यकृताचा. हृदयाला बरणी नाही, ते देहातच ठेवत, तोलायला लागतं म्हणून. आणि तूतनखामूनच्या बरण्या करणार असाल तर चारही झाकणांवर माणसाचंच तोंड करा. चार वेगवेगळ्या तोंडांची झाकणं त्याच्यानंतर रूढ झाली.

हौशी_कराड

समजलं, आभार. ओसायरिसचे तुकडे 14 की 42?

मिरज_पोथीवाला

14 हा आकडा ग्रीक लेखक प्लुटार्कचा, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग गोष्टही त्याच्याकडेच मिळते. इजिप्तच्या लेखांत ती तुकड्यातुकड्यांनीच येते. देवळांच्या याद्यांत अवयवांची संख्या बदलते, काही ठिकाणी देशातल्या 42 प्रांतांना एकेक दिलेला आहे. फलकावर 'प्लुटार्कच्या मते 14' लिहा.

कृष्णाकाठ_सातारा

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक : प्रदर्शन संपल्यावर त्या पेटीचं काय करायचं? मुलं म्हणतात घटासारखे तुरे टोपीत खोवू आणि उरलेलं कृष्णेत सोडू.

गाळमाती_सांगली

तुरे खोवू द्या की, बिघडलं काय! नदीत मात्र नको, पुठ्ठा आणि वाळू जाते तिच्यात. खरी रीत पुरायचीच आहे. खोइआकात नवी मूर्ती झाली की गेल्या वर्षीची काढून पुरत. म्हणून अशा जवाच्या लहान ममी, कापडात बांधलेल्या, ससाण्याच्या तोंडाच्या छोट्या पेट्यांत आजही जमिनीखाली सापडतात. 2020 साली इस्रायलमधल्या हैफाच्या संग्रहालयातल्या दोन छोट्या ममी इस्पितळात सीटी स्कॅनमध्ये घातल्या : एकीत ससाणा निघाला, दुसरीत हाडं नव्हतीच, नुसती माती आणि धान्य.

तेव्हा पाणी चार दिवस बंद करा, पूर्ण सुकू द्या, मग मातीसकट आकृती मांजरपाटाच्या पट्ट्यांत गुंडाळा. ओली गुंडाळलीत तर आतून सडेल आणि दोन दिवसांत वर्गात वास येईल. शाळेच्या आवारात हातभर खड्डा, डोकं उत्तरेकडे किंवा पश्चिमेकडे, आणि वर तारखेची फरशी. पुढच्या वर्षीची तुकडी उकरेल तेव्हा काय काय उरतं त्याची नोंद ठेवायला सांगा.